कॉम्बोमध्ये विकलेला हेडफोन तुमच्याच टीव्हीला जुळत नाही, त्याचं काय ते सांगा

प्रति,
ग्राहक तक्रार विभाग प्रमुख

विषय: तुमचा ४३ इंची स्मार्ट टीव्ही आणि त्याच्यासोबत तुम्हीच विकलेला ब्लूटूथ हेडफोन एकमेकांना जुळत नाही, आणि तक्रार न सोडवता बंद केल्याबद्दल

आत्ताच तुमच्या कस्टमर केअरचा फोन ठेवला आणि लगेच लिहायला बसलो, म्हणून नमस्कार-चमत्कार काही लिहीत नाही. टीव्ही तुम्ही बनवला, हेडफोन तुम्ही बनवला, तुमच्याच वेबसाइटवर दोन्ही कॉम्बो म्हणून लावले आणि एकाच बिलावर मला दिले. तेव्हा कोणत्या मॉडेलमध्ये काय आहे आणि काय नाही हे तुम्हाला माहीत असेलच असं धरून चालतो. माहीत असून विकलं असेल तर ते अजून वाईट.

मुद्दा एवढाच आहे. तुमच्या या टीव्हीतलं ब्लूटूथ आवाज बाहेर पाठवतच नाही. ते रिमोटसाठी आहे, आणि मोबाइलवरचं गाणं टीव्हीच्या स्पीकरवर वाजवायसाठी आहे, बस. खोक्यावर मोठ्या अक्षरात ब्लूटूथ ५.० छापलं, कॉम्बोच्या फोटोत टीव्हीसमोर हेडफोन लावून बसलेला माणूस दाखवला, आणि आता म्हणता की जुळत नाही तर तुमचा हेडफोन पहा.

हेडफोन हौस म्हणून घेतला नव्हता. माझ्या बाबांची सगळी उमर हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये गेली, सरकी वेगळी करणाऱ्या मशीनीपाशी, सीझनमध्ये रात्रपाळी-दिवसपाळी. त्या घरघरीत कान गेले. त्यांना ऐकू येईल एवढा आवाज केला की टिनाच्या घरात बाकीच्यांना बसवत नाही, आणि त्याच खोलीत पोरगी दहावीचा अभ्यास करून राहिली. बाबांना दुसरा कशाचा शौक नाही. संध्याकाळच्या बातम्या, कापूस-सोयाबीनचे भाव आणि तुकडोजी महाराजांची भजनं. आवाज कमी करा म्हटलं की ते काही बोलत नाहीत, उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसतात, आणि ते मला पाहवत नाही. म्हणून कापसाचा चुकारा हाती आला तसा पहिला हा कॉम्बो मागवला. खत-बियाण्याच्या उधारीच्या आधी.

टीव्ही भिंतीवर लावला. हेडफोन पूर्ण चार्ज केला, पॉवरचं बटण दाबून धरलं, लाल-निळा लाइट लपलप करायला लागला म्हणजे पेअरिंग मोड चालू झाला. टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन ब्लूटूथ उघडलं, शोधायला लावलं. ते गोल चक्र फिरत राहते, फिरत राहते आणि शेवटी यादीत फक्त रिमोटचं नाव. तोच हेडफोन मोबाइलला दोन सेकंदात जुळतो. पोरीच्या मोबाइललाही जुळतो, शेजारच्या भाऊच्या लॅपटॉपलाही जुळतो. जुळत नाही तो फक्त तुमच्या टीव्हीला, ज्याच्यासोबत तो विकला.

मग तुमच्या केअरला फोन करणं सुरू झालं. प्रत्येक वेळी नवीन माणूस, प्रत्येक वेळी पहिल्यापासून सांगा, आणि प्रत्येक वेळी तेच: टीव्ही बंद करून चालू करा, प्लग काढून ठेवा, सॉफ्टवेअर अपडेट करा, फॅक्टरी रिसेट करा. आमच्या गावात घरात नेटची रेंज नसते, मोबाइल स्लॅबवाल्या शेजाऱ्याच्या गच्चीवर ठेवून हॉटस्पॉट लावावा लागते. त्यावर तुमचं अपडेट उतरवलं, दिवसाचा सगळा डेटा त्यात गेला, मध्येच लाइन गेली, परत पहिल्यापासून. फॅक्टरी रिसेटने सगळे ॲप लॉगआउट झाले, चॅनलची सेटिंग गेली, आणि हेडफोन होता तिथंच. दुसऱ्या वेळी मी म्हटलं की रिसेट केलं आहे, तर म्हणे सर सिस्टममध्ये तसं दिसत नाही, परत करा. केलं परत. तरी काही नाही.

आता तो फोन सांगतो ज्याच्यामुळे हे पत्र एवढं लांबलं. बाबा बाजूला खाटेवर बसले होते, हेडफोन गळ्यात घालून, आज जुळणार म्हणून. मी फोन स्पीकरवर ठेवला कारण दोन्ही हात रिमोट आणि हेडफोनमध्ये गुंतले होते. तुमचा माणूस हिंदीत बोलत होता, त्याचं काही नाही, आमच्याकडे हिंदी सगळ्यांना येते. तो म्हणाला, "सर, लिस्ट में क्या दिख रहा है?" मी म्हटलं, रिमोट दिसून राहिला. मग त्याने मोबाइल जोडायला लावला. मोबाइल जुळला, मोबाइलचं गाणं टीव्हीवर वाजलं. तो खूश झाला. "देखिए सर, मोबाइल जुड़ गया ना, मतलब टीव्ही का ब्लूटूथ बराबर है, प्रॉब्लेम हेडफोन में है." मी म्हटलं, हेडफोन पण तुमच्याच कंपनीचा आहे, आणि तो मोबाइलला जुळतो. "हेडफोन का डिपार्टमेंट अलग है सर."

मी त्याला शांतपणे सांगितलं की भाऊ, मोबाइल टीव्हीला जुळला म्हणजे टीव्ही आवाज घेऊन राहिला. मला आवाज द्यायचा आहे. मी विचारलं, या मॉडेलमध्ये ब्लूटूथवर ऑडिओ आउट आहे की नाही, हो किंवा नाही एवढंच सांगा. तो थोडा वेळ गप्प. मग विचारते, "सर, आप कहां से बोल रहे हैं?" मी तालुका-जिल्हा सांगितला. "गांव है क्या?" हो, गाव आहे. मग तो म्हणाला, "सर, घर में कोई पढ़ा-लिखा हो तो उसको फोन दीजिए, आपको समझ में नहीं आ रहा है."

मी आयटीआय केलेला वायरमन आहे. समुद्रपूर तालुक्यात माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे, शेतकऱ्यांच्या जळालेल्या पंपाच्या मोटारी भरून देतो, स्टार्टर दुरुस्त करतो, गावातले अर्धे सेट-टॉप बॉक्स माझ्याच हातून लागले आहेत. एका सरळ प्रश्नाचं उत्तर तुमच्या माणसाजवळ नव्हतं आणि अडाणी मी ठरलो. गाव म्हटल्याबरोबर ठरलो. पोरगी बाजूला बसली होती, तिने ऐकलं. बाबांना ऐकू आलं नाही, ते मला विचारून राहिले, "काय म्हणते थो? जुळते का?" त्यांना काय सांगू तुम्हीच सांगा. त्यांना मी म्हटलं, उद्या जुळते.

त्या माणसाने फोन हेडफोनच्या डिपार्टमेंटला जोडला. तिथल्या बाईंनी विचारलं, मोबाइलला जुळतो का? जुळतो. मग हेडफोन ठीक आहे सर, टीव्हीवाल्यांना फोन करा. आणि संध्याकाळी मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं समाधानकारक निराकरण झालं आहे, कृपया पाचपैकी गुण द्या. कोणाचं समाधान झालं?

जे तुमच्या केअरला सांगता आलं नाही ते मीच लिहितो. ब्लूटूथमध्ये प्रत्येक कामाचं वेगळं प्रोफाइल असते. गाणी, सिनेमाचा आवाज ज्याने जातो ते ए-टू-डी-पी. त्यात एक बाजू सोर्स असते, आवाज पाठवणारी, आणि दुसरी सिंक, आवाज घेणारी. मोबाइल सोर्स असतो. हेडफोन सिंक असतो. तुमचा हा टीव्ही पण फक्त सिंक आहे. म्हणजे दोन्हीकडं कानच, तोंड कोणालाच नाही, मग कितीही रिसेट केलं तरी जुळणार कसं? रिमोटचं काम वेगळ्या, कमी बॅटरी खाणाऱ्या ब्लूटूथवर चालते, त्याच्यावरून हेडफोन चालेल असं ठरत नाही. ही गोष्ट ज्याने टीव्ही डिझाइन केला त्याला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. खोक्यावर मात्र नुसतं ब्लूटूथ लिहिलं, आवाज बाहेर जात नाही हे बारीक अक्षरातही कुठं नाही.

आणि हे मी एकटा म्हणून नाही राहिलो. हिंगणघाटहून तुमचा स्वतःचा सर्व्हिसवाला आला होता. भला माणूस, त्याची काही तक्रार नाही. त्याने पाच मिनिटं पाहिलं आणि म्हणाला, "भाऊ, या मॉडेलले ब्लूटूथवर आवाज बाहेर नाहीच, कायले रिसेट करत बसले?" मी म्हटलं, हे लिहून दे. त्याने जॉब शीटवर लिहून दिलं. त्या कागदाचा फोटो मी तुमच्या मेलवर पाठवला. त्यानंतरही तुमच्याकडून मेल काय आला? फॅक्टरी रिसेट करा.

तुम्ही सुचवलेले बाकीचे उपायही करून पाहिले. वायरचा हेडफोन लावा म्हणाले. टीव्ही एका भिंतीवर, बाबांची खाट समोरच्या भिंतीशी, मधून सगळ्यांचं जाणं-येणं. आणि त्या जॅकमध्ये पिन घातली की टीव्हीचा स्पीकर बंद होते, म्हणजे बाबांनी ऐकायचं आणि बाकी घराने मुकं चित्र पाहायचं. मग म्हणाले बाजारातून ट्रान्समीटर घ्या, म्हणजे टीव्हीला लावून ब्लूटूथवर आवाज पाठवणारी डबी, आम्ही विकत नाही. मोबाइलच्या दुकानातून एक मागून आणला, टीव्हीच्या ऑप्टिकल आउटला, म्हणजे आवाज बाहेर काढायच्या डिजिटल सॉकेटला, लावला. पहिले आवाजच नाही, कारण टीव्हीचं डिजिटल आउटपुट डॉल्बीवर होतं, आणि तो दाबून पाठवलेला आवाज या ट्रान्समीटरला उलगडता येत नाही. ते पीसीएमवर, म्हणजे साध्या न दाबलेल्या आवाजावर, करायचं हे मला माहीत होतं म्हणून झालं, तुमच्या माणसाने सांगितलं नव्हतं. आवाज आला, पण मागून आला. बातम्यावाली बाई तोंड मिटते आणि शब्द नंतर येतो. बाबा ओठ पाहून अर्धं समजून घेतात, कान गेल्यापासून त्यांची तीच सवय आहे, त्यांना तर ते अजूनच उलटं पडलं. दहा मिनिटांत हेडफोन काढून ठेवला. ब्लूटूथवर आवाज दाबून पाठवायची जी पद्धत असते तिला कोडेक म्हणतात, आणि साध्या एसबीसी कोडेकवर आवाज सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या हिश्श्याने मागे पडतोच. ॲप्टएक्स लो लेटन्सी हा कमी उशिराचा कोडेक असला तर तो उशीर साधारण ४० मिलिसेकंदांवर येतो, पण ते ट्रान्समीटर आणि हेडफोन दोन्हीत पाहिजे, आणि तुमच्या हेडफोनमध्ये ते नाही. म्हणजे माझ्या पैशाने ट्रान्समीटर घेतला तरी तुमचा हेडफोन टीव्हीसाठी कामाचा नाही.

आजच्या फोनवर सुपरवायझर मिळाले. त्यांचं म्हणणं असं की स्पेसिफिकेशनमध्ये ब्लूटूथ लिहिलं आहे, हेडफोन चालेल असं कुठं लिहिलं नाही, आणि परत करायची मुदतही संपली. मुदत कशात संपली? तुमच्या वाट पाहा, रिसेट करा, टेक्निशियन येईल, यात संपली. पहिली तक्रार मुदतीच्या आतली आहे, नंबर तुमच्याच मेसेजमध्ये आहे. आणि हेडफोन चालेल असं लिहिलं नसेल तर टीव्हीसोबत हेडफोन कॉम्बो म्हणून विकला कशाला? दोन वस्तू एकत्र चालत नाहीत तर एकत्र विकायच्या नाहीत, एवढं साधं आहे.

हे तुमच्याच कंपनीबद्दल लिहावं लागते याचं वाईट वाटते. माझ्या दुकानात लोक विचारून टीव्ही घेतात, कोणता घेऊ भाऊ म्हणून, आणि इतके वर्षं मी तुमचं नाव सांगत आलो. ते आता बंद.

मला पाहिजे ते असं. एक तर ज्या टीव्हीचं ब्लूटूथ हेडफोनला आवाज पाठवते, आणि शक्य तर स्पीकर चालू ठेवून पाठवते, असा त्याच साइजचा टीव्ही बदलून द्या. ते जमत नसेल तर दोन्ही वस्तू घेऊन जा आणि बिलाची पूर्ण रक्कम परत करा. कूपन नको, एक्सचेंज ऑफर नको. आणि त्या माणसाने जे बोललं त्याबद्दल लेखी माफी पाहिजे, माझ्या नावाने. कॉल रेकॉर्ड होतो असं तुम्हीच सुरुवातीला सांगता, काढून ऐका.

ई-कॉमर्सच्या २०२० च्या नियमांप्रमाणे तुमच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि एका महिन्यात तक्रार सोडवायची असते. तेवढी वाट पाहीन, त्यापुढे नाही. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करीन आणि वर्ध्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ग्राहक जिथं राहते तिथंच केस टाकता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी पण लागत नाही, म्हणून गावातला माणूस कुठं येते एवढ्या दूर असं कोणी समजू नका. दिशाभूल करणारी जाहिरात आणि सेवेतली त्रुटी, दोन्ही लिहीन. सर्व्हिसवाल्याची जॉब शीट माझ्याजवळ आहे, पण ती त्या पोराविरुद्ध वापरू नका. त्याने खरं लिहिलं आहे. त्याची नोकरी गेली असं कळलं तर तेही आयोगापुढं सांगीन.

उत्तर लेखी पाठवा. फोन करायचाच असेल तर अशा माणसाला करायला लावा ज्याला या मॉडेलमध्ये ऑडिओ आउट आहे की नाही ते माहीत आहे, आणि संध्याकाळी सातनंतर करा, दिवसा मी शेतावर मोटारीपाशी असतो, तिथं रेंज नसते.

सोबत: बिल, कॉम्बो ऑफरच्या पानाचा फोटो, खोक्याचा फोटो, जॉब शीट, तक्रार बंद केल्याचा मेसेज.

तुमचा ग्राहक,
तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा