पुकाकी तळ्याकाठून आई-बाबांना

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर आवाज तुटत होता, म्हणून सविस्तर लिहिते. न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावर, पुकाकी तळ्याकाठी आमची कॅम्परव्हॅन, म्हणजे आतच झोपायची-स्वयंपाकाची सोय असलेली गाडी, उभी आहे. समोर 3,724 मीटर उंचीचा माउंट कुक, आणि आत गोळाभात शिजतोय. आई, तू दिलेला भरडा आणि सावजी मसाला विमानतळावर बघून परत दिला. संत्री मात्र ठेवून घेतली. ताजी फळं इथे आणू देत नाहीत. सांगितलं नाही तर 400 डॉलर दंड. मी अर्जात लिहिलं होतं, म्हणून दंड झाला नाही. पण आपली मृग बहाराची संत्री तिथे टाकताना जीव तुटला गं.

पाण्याचं काय करता, विचारलंस. टाकी भरली की दोघांना जेमतेम तीन दिवस. अंग ओलं केलं की नळ बंद, साबण लावून झाला की पुन्हा सुरू. भांडी आधी कागदाने पुसते, मग धुते. मे महिन्यात पाणी गेलं की तू गुंड-बादल्या भरून ठेवायचीस, तांदळाचं धुवण तुळशीला घालायचीस. तीच सवय इथे कामी येतेय. सांडपाणी रस्त्याकडेला सोडता येत नाही. ते आणि संडासाची पेटी डम्प स्टेशनवर, म्हणजे त्यासाठी ठरवून दिलेल्या जागीच रिकामी करायची. तुमचे जावई आणि मी पाळीपाळीने करतो.

बाबा, गॅसची काळजी नको. गाडी निघण्याआधी सिलिंडर मी स्वतः बंद करते, मग कपाटांची एकेक कडी ओढून बघते. पहिल्या दिवशी एक राहून गेली होती. वळणावर हळदीचा डबा पडला, गादीची खोळ अजून पिवळी आहे.

परवा वानाका गावात कांदे, बटाटे, दूध, डिझेल सगळं भरून घेऊ. पुढे होकिटिका गावापर्यंत 400 किमीहून जास्त रस्ता आणि मोठं सुपरमार्केट नाही.

तिकडे ऊन तापायला लागलं असेल. कूलर काढायला शेजारच्या मुलाला हाक मारा. बाबा, तुम्ही स्टुलावर चढू नका, आई, तू चढू देऊ नकोस. आणि होकिटिकाच्या वाटेवर बऱ्याच ठिकाणी रेंज नसते, तेव्हा दोन दिवस फोन लागला नाही तर घाबरू नका. होकिटिकाला पोचले की आधी तुम्हालाच लावते.

तुमची,
चिऊ