अर्ज भरलाय, रागवू नका

तीर्थरूप आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायला गेले की आई 'शुभ बोल गं' म्हणून विषयच बदलते, म्हणून पत्र. गेल्या महिन्यात मी देहदानाचा अर्ज भरला. साक्षीदार म्हणून दादाने सही केली. त्याला बोलू नका, मीच गळ घातली. मला काहीही झालेलं नाही, सगळे रिपोर्ट चांगले आहेत.

बाबा, हे खूळ तुमचंच. मला ताप आला की उशाशी बसून तुम्ही गीतेचा दुसरा अध्याय म्हणायचात. 'वासांसि जीर्णानि' आलं की मी विचारायची, टाकलेले जुने कपडे जातात कुठे? आई स्वयंपाकघरातून ओरडायची, बोहारणीकडे! दोन साड्यांवर एक पातेलं आणि तासभर घासाघीस. मी तेवढंच करतेय, फक्त पातेल्याऐवजी पोरं डॉक्टरकी शिकतील.

कठोपनिषदातला रथही तुम्हीच सांगितलात. शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम आणि आत्मा आत बसलेला. पुढे मिलिंद राजा आणि बौद्ध भिक्खू नागसेनाचा संवाद वाचला. चाक म्हणजे रथ का? आस? जू? एकेक बाजूला काढत गेलं की रथ सापडतच नाही. तेव्हापासून आत कुणी बसलंय की नाही, मला ठरवता येत नाही. चिडू नका. बसलेला असेल तर तो उतरून गेलेला असणार, मग रिकाम्या रथाला कशाला जपायचं?

आई, तुला गतीची काळजी. देहदान केलं तरी दहावं-तेरावं करता येतं. आजीच्या वेळी कावळा शिवेना, तेव्हा बाबांनी हात जोडून काय कबूल केलं ते आठवतंय ना? तसं काहीतरी दादा माझ्यासाठीही कबूल करील. तुमच्याबद्दल मात्र मी काहीही ठरवलेलं नाही. तुमचं सगळं तुमच्या मनासारखंच होईल.

गीझरवाला मंगळवारी येतोय. न्हाणीघरात दांडीही बसवून घेणार आहे, नको म्हणू नका. बाबा, बीपीची गोळी नाश्त्यानंतर, पेपर वाचून झाल्यावर नव्हे. आई, माळ्यावर चढायचं नाही. स्टूल मी शेजारच्या काकूंकडे ठेवायला सांगितलंय.

आणि बाबांचा तो कॉलर विरलेला निळा सदरा बोहारणीला देऊ नकोस. दिवाळीत आले की मी नेणार आहे.

तुमची,
ठमी