बर्मिंगहॅमच्या पोट्ट्यांनी आपल्या गावासाठी केलं, नागपुरातही होऊ द्या, पण हिशोबासकट

मा. संपादक साहेब,

सप्रेम नमस्कार. मी तुमच्या पेपरचा जुना वाचक. नोकरी हिंगणा एमआयडीसीत, राहणं सक्करदऱ्याला. रॉक म्युझिकवर तुमच्या पानावर सहसा कोणी लिहीत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. जागेसाठी कापायचं असेल तर मधलं कापा, पण हिशोबाचं कापू नका ही विनंती.

ब्लॅक सबाथ हा इंग्लंडचा रॉक बँड आम्ही सात-आठ मित्र कॉलेजपासून ऐकतो. तेव्हा बर्डीवर कॅसेट मिळायची, ती एकाने घ्यायची आणि बाकीच्यांनी कोऱ्या कॅसेटवर भरून घ्यायची. त्यांचा शेवटचा शो ५ जुलै २०२५ ला झाला, त्यांच्याच गावी, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर. हे मैदान ॲस्टन भागात आहे आणि बँडमधले मूळचे चौघंही त्याच भागातले. त्यांचा गाणारा ऑझी ऑस्बोर्न लहानपणी फुटबॉल मॅचच्या दिवशी तिथे लोकांच्या गाड्या राखून चिल्लर कमवायचा. म्हणजे आपल्याकडचा एखादा पोट्टा यशवंत स्टेडियमबाहेर गाड्या राखतो आणि साठेक वर्षांनी त्याच मैदानात त्याला ऐकायला ४० हजारांच्या वर माणूस जमतो, असं समजा. आलेला पैसा तीन ठिकाणी सारखा वाटायचा असं आधीच जाहीर केलं होतं, पार्किन्सन्स म्हणजे कंपवातावर संशोधन करणारी क्युअर पार्किन्सन्स ही संस्था, बर्मिंगहॅमचं मुलांचं हॉस्पिटल आणि अ‍ॅकॉर्न्स. हे अ‍ॅकॉर्न्स म्हणजे जी लेकरं फार दिवस जगणार नाहीत त्यांची आणि त्यांच्या आईबापांची काळजी घेणारी जागा. ॲस्टन व्हिला या तिथल्या फुटबॉल क्लबने २००८ मध्ये जर्सीवर एक पैसा न घेता याच अ‍ॅकॉर्न्सचं नाव छापलं होतं, म्हणजे गावाचं आणि त्या संस्थेचं नातं जुनंच आहे.

आम्ही तो शो महालात एका मित्राच्या गच्चीवरच्या खोलीत पाहिला, वर्गणी काढून ऑनलाइन तिकीट घेतलं. वरून पत्र्यावर पाऊस, नेट मध्येच अटकत होतं, आणि पहाट होत आली तरी कोणी उठायला तयार नाही. ऑझीला पार्किन्सन्स आहे हे त्याने २०२० मध्येच सांगितलं होतं. उभं राहणं होत नव्हतं म्हणून काळ्या सिंहासनावर बसून गायला. हात खुर्चीच्या दांड्यावर घट्ट, गाण्याच्या जोरात उठायला जातो आणि पुन्हा बसतो, असं दोनतीनदा झालं, आणि आमच्या खोलीत पन्नाशीच्या माणसांच्या डोळ्यात पाणी. मूळचे चौघं शेवटी चार गाणी सोबत वाजवायला आले, तब्बल २० वर्षांनी. आणि १७ दिवसांनी, २२ जुलैला, ऑझी गेला. शरीर एवढं थकलेलं असताना माणूस आपल्या गल्लीत परत आला आणि गावच्या लेकरांसाठी गायला, हे मला तरी विसरणं शक्य नाही.

या बँडशी माझं नातं गाण्यापुरतं नाही, ते पत्रा दाबणाऱ्या प्रेस मशीनचं आहे. त्यांचा गिटारवाला टोनी आयोमी १७ वर्षांचा असताना पत्र्याच्या कारखान्यात होता, नोकरीचा शेवटचा दिवस, आणि मशीनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हातच गेला. त्याने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वर चामडं चिकटवलं, पुढे तारा सैल केल्या म्हणजे दाबायला जोर कमी लागेल, सूर खाली उतरला आणि त्यातूनच तो जड, घुमणारा आवाज आला ज्याला आज जग हेवी मेटल म्हणते. आता हे वाचून लोक वा वा म्हणतात. मी आधीच्या कंपनीत वीस वर्षांपूर्वी हे समोर पाहिलं आहे. मशीनचा डाय, म्हणजे साचा, खाली यायचा आवाज रोजचाच असतो, धप धप, त्याकडे लक्षही जात नाही, त्या दिवशी शेजारच्या मशीनवर तो आवाज जरा मऊ आला. त्या मित्राला मीच ऑटोत घालून मेडिकलला, म्हणजे सरकारी हॉस्पिटलला नेलं. आजही तो शर्टाचं बटण अंगठा आणि करंगळीने लावतो. म्हणून कारखान्याच्या गावातून आलेली ही माणसं मला परकी वाटतच नाहीत. आपलं गावही एम्प्रेस मिलच्या भोंग्यावर उठलेलं गाव आहे, १८७७ पासून.

आता वादाचं सांगतो. आमच्या कॉलनीत कॉलेजच्या पोरांचा एक बँड आहे, रविवारी एका गोडाऊनमध्ये प्रॅक्टिस करतात, चांगलं वाजवतात. तो शो पाहून त्यांच्या मनात आलं की आपणही नागपुरात एक चॅरिटी शो करू, आणि ते आमच्याकडे मदत मागायला आले. चहाच्या टपरीवर बसलो तर दोन पार्ट्या पडल्या. एक मित्र म्हणे, "धा तास धिंगाणा अन् नाव चॅरिटीचं, नाव त्यायचं झालं, लेकरायले काय भेटलं?" दुसरा म्हणे, "अरे बाप्पा, तू तरी कधी धा रुपये काढले का खिशातून?" आणि मग सगळे एकावर एक बोलून राहिले, कोणाचं कोणाला ऐकू नाही.

माझं म्हणणं दोघांनाही पटलं नाही म्हणून इथे मांडतो. पैसा कमी आला की जास्त हा मुद्दाच नाही, किती आला आणि कुठे गेला हे लोकांना दिसलं पायजे. त्या बर्मिंगहॅमच्या शोनंतर आठवड्याभरात जगभर बातमी फिरली की १४ कोटी पौंड जमले. आमच्यातल्या निम्म्यांनी छाती फुगवून सगळ्यांना सांगितलं, मीही सांगितलं. नंतर ऑझीच्या बायकोनेच, शॅरनने, सांगितलं की तो आकडा खरा नाही. झालं, ज्यांना टोमणेच मारायचे होते त्यांना आयतं कोलीत मिळालं, आणि त्या मैदानात जे खरं झालं होतं तेही लोकांना खोटं वाटायला लागलं. फुगवलेल्या आकड्याने चांगल्या कामाचं असं नुकसान होते.

पंडित रविशंकर आणि बीटल्स बँडचे जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी १ ऑगस्ट १९७१ ला न्यूयॉर्कला मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन शो केले होते. तिकिटांचे सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला लगेच गेले. पण त्या शोच्या रेकॉर्ड आणि सिनेमाचा जो खरा मोठा पैसा होता तो अमेरिकेच्या टॅक्स खात्यात वर्षानुवर्षं अडकून पडला, कारण धर्मादाय कामासाठीची कागदपत्रं आधी केली नव्हती. एवढी मोठी माणसं, मन साफ, तरी कागद राहिला आणि उपाशी लेकरांचा पैसा अडकला.

आणि माझा स्वतःचा अनुभव. काही वर्षांपूर्वी आमच्याच भागात एका आजारी मुलाच्या ऑपरेशनसाठी ऑर्केस्ट्राचा कार्यक्रम झाला. आयोजकांचं नाव घेत नाही. मी माझ्या शॉपमधल्या पोरांना ४० तिकिटं विकली, कोणी ओव्हरटाइमचे पैसे दिले, कोणी पुढच्या पगारावर उधार घेतलं. नंतर महिनाभर विचारत राहिलो, किती जमले, मुलाच्या घरी किती पोचले, तर आज देतो उद्या देतो, आणि मग फोन उचलणंच बंद. कदाचित सगळे पैसे पोचलेही असतील, पण ४० लोकांना मी उत्तर देऊ शकलो नाही आणि त्यानंतर त्यांच्यापैकी एकाकडेही कशासाठी हात पसरायची माझी हिंमत झाली नाही.

म्हणून या पोरांना मी सांगितलं की करा, जरूर करा, मी सोबत आहे, पण पद्धतशीर करा. गणेश मंडळं वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांची परवानगी घेतात तशी घ्या, किंवा नोंदणी असलेल्या संस्थेच्याच खात्यात पैसे थेट जाऊ द्या, आपल्या कोणाच्या खात्यात नको. तिकिटावर नंबर पायजे. हॉल, साउंड, लाइट, जनरेटर, पोलिसांची परवानगी, सगळा खर्च लिहून ठेवा. रात्री १० ला स्पीकर बंद म्हणजे बंद. आणि जागा हॉस्पिटलच्या जवळची घेऊच नका, ज्यांच्यासाठी करून राहिलो त्यांचीच झोप मोडायची का?

पैसा कशासाठी यावर मात्र वाद झाला नाही, सगळ्यांचं एकमत झालं, सिकलसेलसाठी. माझ्या बहिणीचा मुलगा १२ वर्षांचा आहे, त्याला सिकलसेल आहे. रक्तातल्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नळ्यांत अटकतात आणि मग दुखणं उठते. नागपूरची थंडी लागली की गुडघे धरून बसतो, बहीण तव्यावर कापड गरम करून रात्रभर शेकते, आणि तो रडत नाही, फक्त दात आवळून भिंतीकडे पाहत राहतो. आईबाप दोघं वाहक असले, म्हणजे स्वतःला त्रास नाही पण दोष रक्तात आहे, तर प्रत्येक बाळंतपणात २५ टक्के शक्यता, आणि त्या दोघांना लग्नाआधी हे माहीतच नव्हतं, एक साधी रक्ततपासणी कोणी सांगितली नाही. विदर्भात असे किती घरं आहेत ते मेडिकलच्या बाहेर चादर टाकून झोपलेल्या गडचिरोली-चंद्रपूरच्या माणसांना विचारा. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये मध्य प्रदेशातल्या शहडोलला सिकलसेलची मोहीम सुरू केली, २०४७ पर्यंत हा आजार संपवायचा असं ठरवलं आहे, चांगलंच आहे. पण आज रात्री जे लेकरू दुखून राहिलं त्याच्या गोळ्यांना, रक्ताला, गावावरून यायच्या बसभाड्याला पैसा आजच लागते.

बर्मिंगहॅमवाल्यांनी आपल्या गावच्या लेकरांसाठी केलं, तर आपल्या गावच्या लेकरांसाठी आपली पोरं वाजवतील. ड्रमवाल्या पोराने तर सांगून टाकलं की काका, मानधन नको, फक्त घरून गोडाऊन, गोडाऊनवरून हॉल असा ड्रमसेट न्यायला टेम्पो पायजे. टेम्पोचं मी बघतो.

तुमच्याकडून एकच मागणं आहे. शो झाल्यावर आठ दिवसांच्या आत पूर्ण हिशोब आम्ही तुमच्या ऑफिसात आणून देऊ, तिकिटं किती विकली, खर्च किती, संस्थेला किती दिले, बँकेच्या पावतीसकट. तो जसाच्या तसा छापायला तुमच्या नागपूर पानावर दोन इंच जागा द्याल का? तुम्ही हो म्हणाल तर तिकिटाच्या मागच्या बाजूला आम्ही तसं छापून घेऊ, पोरं तिकिटं छापायला जायची आहेत, तुमच्या उत्तरासाठी थांबली आहेत.

आपला,
एक वाचक
सक्करदरा, नागपूर