काळ्या रंगाखालचे लेथ : मंत्रीमहोदयांना खुले पत्र

माननीय मंत्रीमहोदय,

सविनय नमस्कार.

ज्या संग्रहालयाच्या उद्घाटनाला आपण ‘दर रविवारी येथील जुनी यंत्रे चालवून दाखवली जातील’ असे जाहीर केले होते, त्याच आमच्या ग्वाल्हेरच्या संग्रहालयात मी गेल्या रविवारी नातीला घेऊन गेलो. एकही यंत्र चालत नव्हते. चालणार तरी कसे? आपल्या स्वागतासाठी लेथला, म्हणजे धातू कातायच्या यंत्राला, नखशिखांत काळा रंग फासला गेला, त्यातून तेल घालायच्या पितळी कुप्याही सुटलेल्या नाहीत. पाटीवर एवढेच लिहिले आहे : ‘पुरातन यंत्र’.

महोदय, छताजवळच्या शाफ्टवरून, म्हणजे फिरत्या दांड्यावरून, खाली येणाऱ्या चामड्याच्या पट्ट्यावर ते लेथ फिरत असे. अशाच पट्ट्यात माझ्या वडिलांच्या डाव्या हाताची दोन बोटे गेली. ते नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांच्या रेल्वेच्या, वर्कशॉपमध्ये फिटर होते. नातीला हे सगळे समजावण्यात पाऊण तास उभा राहिलो आणि गुडघे असे धरले की रिक्षात दोघांनी हात देऊन चढवले. बसायला साधे बाक नाही. तिकीट मात्र ४० रुपये. दिवसाला शंभर माणसे धरली तरी वर्षाचे चौदा-पंधरा लाख झाले. त्यात रॉकेलचा एक डबा आणि चार चिंध्या बसत नाहीत काय?

शिंद्यांच्या जयविलास राजवाड्यात मेजावर मद्य आणि सिगार फिरवणारी चांदीची आगगाडी जपली आहे, ते योग्यच आहे. परंतु संस्थानकाळच्या महाराज माधवराव शिंद्यांच्या काळातलीच, दोन फुटी रुळांवरून जौरा, कैलारस, सबलगढ करीत जवळपास २०० किलोमीटरवरच्या श्योपूरला जाणारी गाडी २०२० मध्ये थांबली, तिच्याविषयी या संग्रहालयात एक ओळ नाही. टपावर बसून जाणाऱ्या उतारूंना कोण काचेआड ठेवणार म्हणा!

उद्घाटनापासून मी तीन अर्ज केले. तिन्ही ‘योग्य कार्यवाहीसाठी’ पुढे गेले, ते अजून जातच असावेत. आपल्या कारभारात फीत कापायला निधी असतो, वंगणाला नसतो. दवाखान्यात यंत्र येते, ते चालवणारा येत नाही, आणि वर्षभराने त्याच यंत्रावर धूळ साचली म्हणून नव्या यंत्राची निविदा निघते.

तो रंग खरवडावा, पाटीवर यंत्राचे नाव व काम लिहावे आणि एखाद्या निवृत्त फिटरला मानधनावर नेमावे, एवढीच विनंती आहे. वडिलांची तेलाची बुधली अजून माझ्याकडे आहे. आपण कात्री न घेता येणार असाल, तर ती घेऊन मी लेथपाशी थांबेन. फक्त एक खुर्ची ठेवायला सांगावे.

आपला,
लष्कर भागातील एक ज्येष्ठ नागरिक