भुरीच्या दातांसाठी, ताईंना

ताई,

सप्रेम नमस्कार.

त्या रात्री पावणेबाराला तुम्हाला फोन लावला तेव्हा माझ्या तळहातावर दातांचे दोन तुकडे होते, तांदळाच्या कणीएवढे. आमची गिनीपिग भुरी मांडीवरून उडी मारायला गेली आणि तोंडावर आपटली. वरचे दोन्ही पुढचे दात पार हिरडीलगत तुटले. तुमच्याआधी एकाला फोन केला, तर "उंदराचेच दात ते, येतील परत" म्हणून त्याने ठेवूनही दिला. मी रडत सगळं सांगितलं, आणि तुम्ही विचारलंत, "वजन किती आहे?" खरं सांगते, रागच आला होता.

मग तुम्ही समजावलंत. गिनीपिगचे वीसही दात जन्मभर वाढत असतात, तेव्हा तुटलेले दात दोन-तीन आठवड्यांत येतील. पण तोवर पोट रिकामं राहिलं तर आतड्यांची हालचाल थंडावते, आणि ते एका दिवसातही जिवावर बेतू शकतं. म्हणजे त्या माणसाचं बोलणं खोटं नव्हतं, अर्धं होतं. खाणं कमी पडतंय का ते कळावं म्हणून स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर डबा ठेवून भुरीला त्यात बसवलं. ९१० ग्रॅम.

पेलेट्स, म्हणजे तिच्या कोरड्या खाद्याच्या गोळ्या, कोमट पाण्यात भिजवून, बिनसुईच्या सिरिंजने, समोरून नाही, बाजूने, पुढच्या दातांमागच्या मोकळ्या जागेतून. थोडंसं द्यायचं, गिळेपर्यंत थांबायचं, नाहीतर श्वासनलिकेत जाईल. पहिल्या रात्री निम्मं तिच्या हनुवटीवर आणि उरलेलं माझ्या ओढणीवर. दर तीन तासांनी गजर. सकाळी तुमच्याच सांगण्यावरून डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी जबडा आणि हिरड्या तपासून दुखणं कमी करणारं औषध दिलं.

तिसऱ्या दिवशी तुम्ही म्हणालात, पुढचे दात फक्त तोडायला, चावायला दाढा आहेतच की. म्हणून लाल ढोबळी मिरचीची आगकाडीएवढी फोड कापून ओठाच्या कोपऱ्यातून आत सरकवली. क्षणभर काहीच नाही. मग जबडा हलला, आणि ती लाल काडी हळूहळू आत जाताना मी श्वास धरून बघत बसले. पाठोपाठ गवताची काडीही तशीच गेली. मिरचीच का, तेही तुम्हीच सांगितलंत: आपल्यासारखंच त्यांच्याही शरीरात क जीवनसत्त्व तयार होत नाही, आणि ते कमी पडलं की हिरड्या-दात कमजोर होतात.

तुमची बोलणीही खाल्ली. वरून घासायला काहीच नसल्याने खालचे दात लांबले, तेव्हा मी नेलकटर हातात घेतलं होतं. "ठेवा ते खाली! दात उभा चिरला म्हणजे?" तुमचा तो आवाज अजून कानात आहे. डॉक्टरांनी छोट्या यंत्राने ते मिनिटभरात घासून दिले.

वहीतले आकडे असे: ९१०, ८७२, ८५८. या तिसऱ्या आकड्याच्या रात्री तुम्ही दोनदा जागून फोन घेतलात. त्याचे आभार कसे मानू, मला खरंच सुचत नाही. मग ८६१, ८७०… एकोणिसाव्या दिवशी तिने गाजराची फोड स्वतः तोडली.

वजन अजून रोज लिहिते. आज ९१८. वहीचा खालचा कोपरा मात्र राहिला नाही, काल भुरीने तो खाल्ला.

तुमची,
भुरीची आई