वटहुकूम काढताना निकड कसली, ते लिहून द्या

मा. विधी व न्यायमंत्री, भारत सरकार, यांस
सविनय नमस्कार.

मी पुण्यात वकिली करतो. डेक्कनवरच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेवरून जाताना दर वेळी डी. सी. वाधवा आठवतात. अर्थशास्त्राच्या या प्राध्यापकाने बिहारची राजपत्रे चिकाटीने चाळली. हाती आलेला हिशोब असा: १९६७ ते १९८१ या काळात राज्यपालांच्या सहीने निघालेले वटहुकूम, म्हणजे अधिवेशन चालू नसताना निकडीपुरते काढलेले तात्पुरते कायदे, २५६, आणि विधानमंडळाने केलेले कायदे १८९.

त्यातला एक उसाच्या पुरवठ्याचा आणि खरेदीचा. अधिवेशन सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांत वटहुकूम संपतो, असे संविधानाचा अनुच्छेद २१३ सांगतो. १९६८ चा हा वटहुकूम मात्र १३ वर्षे, ११ महिने आणि १९ दिवस जगला. तो निघाला तेव्हा पाळण्यात असलेले मूल तोवर आठवी-नववीत गेले असेल. एवढ्या काळात आमदारांनी त्यावर एकदाही मतदान केले नाही.

हे चालायचे कसे, ते २९ जुलै १९८१ च्या एका परिपत्रकात दिसते. बिहारच्या संसदीय कार्य विभागाने सगळ्या सचिवांना कळवले, की अधिवेशन संस्थगित झाले (म्हणजे संपवले गेले) आहे, तरी आपापले वटहुकूम ११ ऑगस्टच्या आत पुन्हा काढून घ्यावेत. मी ते पहिल्यांदा वाचले तेव्हा सुन्न झालो. निकड हा शब्दही त्यात कुणाला आठवला नव्हता. परवान्याचे नूतनीकरण करावे तसे काम चालले होते.

वाधवा यांच्या याचिकेवर २० डिसेंबर १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयात सरन्यायाधीश भगवती यांच्या घटनापीठाने याला संविधानाशी केलेले कपट म्हटले. पण एक फटही ठेवली. विधानमंडळापुढे कामाचा फार बोजा असेल, तर वटहुकूम पुन्हा काढता येईल, असे त्याच निकालात आहे. ती फट ठेवायला नको होती, असे माझे स्पष्ट मत आहे. शत्रू संपत्तीचा वटहुकूम एकट्या २०१६ मध्ये पाच वेळा निघाला. २ जानेवारी २०१७ रोजी सात न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने पुन्हा बजावले, की वटहुकूम सभागृहापुढे ठेवणे बंधनकारक आहे आणि तो पुन्हा पुन्हा काढणे हे कपटच आहे. तरीही राजधानी परिसराच्या हवेसाठी ऑक्टोबर २०२० मध्ये काढलेला वटहुकूम मार्चमध्ये संपला आणि एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा निघाला. दिल्लीच्या हवेचा प्रश्न खरा आहे, म्हणून तर त्यावर संसदेत वेळेत चर्चा व्हायला हवी होती. सरकार कोणत्याही पक्षाचे असो, हा मोह सुटत नाही.

आणीबाणीत, १९७५ च्या ३८ व्या घटनादुरुस्तीने, वटहुकुमाची निकड आहे ही राष्ट्रपतींची खात्री अंतिम ठरवून न्यायालयांचे हात बांधले होते. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने ते मोकळे केले. पण न्यायालयाने तपासायचे काय? वटहुकुमाच्या माथ्यावर तर एवढेच असते, की संसदेचे अधिवेशन चालू नाही आणि तात्काळ कार्यवाही आवश्यक व्हावी अशी परिस्थिती असल्याबद्दल राष्ट्रपतींची खात्री झाली आहे. कोणती परिस्थिती, ते नाही. लोकसभेच्या नियम ७१ प्रमाणे खुलासा द्यावा लागतो, पण तो विधेयक येते तेव्हा. तोवर वटहुकूम अमलात येऊन लोकांवर जे व्हायचे ते होऊन गेलेले असते.

लोकसभेचे पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर यांनी १९५४ मध्ये थेट पंडित नेहरूंना पत्र लिहून वटहुकुमांबद्दल नापसंती कळवली होती. त्याच वाटेने मी आपल्याकडे मागणे मांडतो. निकड कसली होती आणि अधिवेशनापर्यंत थांबणे का शक्य नव्हते, हे वटहुकुमासोबत त्याच दिवशी राजपत्रात छापावे. तो पुन्हा काढला, तर कितव्यांदा आणि मधल्या अधिवेशनात विधेयक का मंजूर झाले नाही, हेही छापावे. याला घटनादुरुस्ती लागत नाही, मंत्रिमंडळाचा एक निर्णय पुरेल. तो येत्या अधिवेशनाआधी व्हावा, ही कळकळीची विनंती.

आपला,
पुण्यातील एक वकील