'प्रोरोग' समजावून देणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

अभ्यासिकेच्या व्हरांड्यात स्वतःचं वाचन बाजूला ठेवून तुम्ही मला इतका वेळ दिलात, त्याबद्दल मनापासून आभार. उघड पत्र लिहिते आहे, कारण स्पर्धा परीक्षा देणाऱ्या इतरांनाही हे कळावं असं वाटतं.

'प्रोरोग' (prorogue) हे इंग्रजी क्रियापद एरवी कानावर पडत नाही. नोट्समध्ये त्यापुढे 'सत्रसमाप्ती करणे', म्हणजे सभागृहाचं अधिवेशन संपवणे, एवढंच असतं, आणि पाठ केलं तरी तहकुबीशी, म्हणजे चालू अधिवेशनातली बैठक पुढे ढकलण्याशी, गल्लत होतेच. तुम्ही व्याख्या सांगितलीच नाहीत. राज्यघटनेची इंग्रजी प्रत उघडलीत, अनुच्छेद ८५ च्या दुसऱ्या खंडावर पेन्सिल टेकवलीत आणि विचारलंत, "कर्ता कोण? कर्म काय?"

कर्ता राष्ट्रपती. कर्म दोन्ही सभागृहं, किंवा त्यांतलं कोणतंही एक. लगेच खाली विसर्जनाचं क्रियापद येतं, तिथं मात्र कर्म फक्त लोकसभा. राज्यसभेचं नावच नाही. तहकुबी ही तर पीठासीन अधिकाऱ्यानं, म्हणजे सभागृह चालवणाऱ्या अध्यक्ष वा सभापतींनी, करायची गोष्ट. कर्ता बदलला की क्रियापद बदलतं, हे इतकं स्वच्छ मला कुणीच दाखवलं नव्हतं.

'कोणतंही एक' या शब्दांवर तुम्ही मुद्दाम थांबलात. मार्च २०१५ मध्ये एकट्या राज्यसभेची सत्रसमाप्ती झाली आणि एप्रिलच्या सुरुवातीला भूसंपादनाचा वटहुकूम पुन्हा निघाला. दोन्ही सभागृहांचं सत्र चालू असताना अनुच्छेद १२३ खाली वटहुकूम काढता येत नाही, म्हणून हा खटाटोप. ते ऐकल्यावर क्रियापदामागची सत्ता दिसली.

ब्रिटनचंही तसंच. तिथं २०१९ मध्ये पंतप्रधानांच्या सल्ल्यावरून झालेली सत्रसमाप्ती सर्वोच्च न्यायालयानं २४ सप्टेंबरला बेकायदा ठरवली. शिवाय तिथं सत्रासोबत प्रलंबित विधेयकंही सहसा बाद होतात. आपल्याकडे अनुच्छेद १०७ मुळे ती टिकतात. हा फरक मला फार महत्त्वाचा वाटतो.

काल अनुच्छेद १७४ त्याच पद्धतीनं वाचला. कर्ता राज्यपाल, आणि विसर्जनात विधान परिषद वगळलेली. कुणाला न विचारता उलगडलं, काका! आता राज्यपालांच्या वटहुकुमांचा अनुच्छेद २१३ काढला आहे. रविवारी येणार असाल तर त्यावर थोडं बोलायचं आहे.

तुमची कृतज्ञ,
अभ्यासिकेतली एक विद्यार्थिनी